जहाज रांगेत, सुटे भाग विमानतळावर: मुंबई बंदराबाहेरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जूनचा तिसरा आठवडा, वटपौर्णिमेच्या आसपासचे दिवस. साधारण ५६ हजार टन वहनक्षमतेचं, स्वतःच्या चार क्रेन असलेलं एक मालवाहू जहाज पूर्व आशियातून पोलादी कॉइल आणि प्लेट घेऊन मुंबईला आलं आणि प्रोंग्स दीपगृहाच्या पश्चिमेला, बाहेरच्या अँकरेजवर नांगर टाकून थांबलं. जहाजाचं आणि मालकाचं नाव, तसंच वर्ष इथे मुद्दाम दिलेलं नाही. आम्ही मुंबईतल्या एजंटाच्या बाजूने सुट्या भागांचं काम पाहत होतो. जहाजाचं तांत्रिक व्यवस्थापन सिंगापूरहून चालत होतं.

पोलाद उतरवणाऱ्या जहाजांची पावसाळ्यात मुंबईत रांग लागते, आणि त्याचं कारण साधं आहे. माल भिजलेला चालत नाही. सर आली की होल्डची झाकणं बंद, कामगार शेडमध्ये, क्रेन उभ्या. पाऊस थांबला की झाकणं उघडायची, आणि तासाभरात पुन्हा तेच. कोरड्या दिवसांत तीन-चार दिवसांत रिकामं होणारं जहाज मग आठवडाभर धक्का अडवून बसतं. त्यात इंदिरा गोदीत जाण्याचा रस्ता लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी राखणाऱ्या फाटकांमधून आहे. १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक म्हणून सुरू झालेली ही गोदी आजही भरतीचं वेळापत्रक पाहूनच जहाजं आत-बाहेर करते. एका जहाजाचं काम लांबलं की मागच्या सगळ्यांच्या तारखा सरकतात. धक्क्याची तारीख आम्ही रोज सिंगापूरला कळवत होतो आणि ती रोज पुढे जात होती.

या रांगेत आमच्या जहाजाचं दुखणं वेगळंच होतं. त्यावर वीज तयार करणारी तीन जनित्रं. श्रीलंका मागे टाकल्यावर दोन नंबरच्या जनित्राचा टर्बोचार्जर (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारं यंत्र) बेअरिंग जाऊन बंद पडला. तीन नंबरचं चालू होतं, पण त्याचे इंधन पंप झिजलेले. निम्म्यापेक्षा जास्त भार दिला की ते धापा टाकायचं. धडधाकट म्हणावं असं एकच, एक नंबरचं.

नांगरावर उभं असताना एक जनित्र पुरतं. स्वयंपाकघर, दिवे, पंप, वातानुकूलन, सगळं मिळून भार फारसा नसतो. बंदरात शिरताना मात्र दोन जनित्रं समांतर चालवतात. बंदराचा वाटाड्या, म्हणजे पायलट, जहाजावर असताना अरुंद चॅनेलमध्ये वीज गेली तर सुकाणू हाती राहत नाही, म्हणून ही खबरदारी. धक्क्याला लागल्यावर स्वतःच्या क्रेनने माल उतरवायचा असेल तर तिथेही दोन हवीतच.

अडचण नेमकी काय होती

सिंगापूरच्या कार्यालयाने जहाज वाटेत असतानाच सुटे भाग मागवले होते. टर्बोचार्जरचं कार्ट्रिज, म्हणजे त्याचा आतला फिरता संच, जपानहून यायचं होतं. खरेदी विभागाने त्याच खेपेत जहाजाच्या जुन्या मागण्याही घातल्या: इंधन पंपांचे भाग, फिल्टर, गॅस्केट, आणि जहाजाच्या मागच्या बाजूला असलेल्या रसद क्रेनची नवी वायर. दोन लाकडी पेट्या, एकच एअरवे बिल (हवाई मालाचा वाहतूक-कागद). हवाई मालवाहतुकीचं भाडं वाचतं, म्हणून अशा एकत्र खेपा सगळेच करतात. धक्क्याची तारीख पक्की असती तर कुणी त्याकडे बोटही दाखवलं नसतं.

पेट्या शुक्रवारी सहारच्या विमानतळावर उतरल्या. जहाज त्याच्या दोन दिवस आधीच नांगरावर येऊन थांबलं होतं.

पहिली अडचण कागदाची निघाली. परदेशी प्रवासावर असलेल्या जहाजाचे सुटे भाग आयात कर न भरता थेट जहाजावर पोचवता येतात. सीमाशुल्क कायदा, १९६२ मध्ये ‘स्टोअर्स’ या संज्ञेत इंधन आणि सुटे भाग स्पष्टपणे येतात, मग ते लगेच बसवायचे असोत वा नसोत. अशा वस्तू एका वाहनातून दुसऱ्या वाहनात हलवण्याची तरतूद कलम ८६ मध्ये आहे, आणि जहाज परदेशगामी असेपर्यंत त्या करमुक्त वापरण्याची कलम ८७ मध्ये. पण त्यासाठी एअरवे बिलावर माल जहाजाच्या कॅप्टनच्या नावे आणि ‘शिप स्पेअर्स इन ट्रान्झिट’ अशा शब्दांत यावा लागतो. इथे तो एजंट कंपनीच्या नावे, साधी यंत्रसामग्री म्हणून आला होता. म्हणजे कागदोपत्री ती नेहमीची आयात ठरत होती. हा कागद दुरुस्त करायचा तर माल पाठवणाऱ्याने आपल्या हवाई कंपनीला पत्र द्यायचं, तिने इथल्या कार्यालयाला कळवायचं, मग आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटाने, ते कस्टम्ससमोर ठेवायचं. आणि जपानमध्ये शुक्रवार संपून गेला होता.

दुसरी अडचण लक्षात यायला शनिवार उजाडला, आणि ती जास्त महत्त्वाची होती. सिंगापूरच्या तांत्रिक सुपरिटेंडंटच्या मनात सुरुवातीपासून एक गृहीत होतं: जहाज धक्क्याला लागेल, पेट्या ट्रकने गोदीत जातील, काम होईल. पण दोन भरवशाच्या जनित्रांशिवाय हे जहाज धक्क्याला लागणारच नव्हतं. सुटे भाग धक्क्यावर द्यायचे, आणि धक्क्यावर जायला तेच सुटे भाग हवेत. रांगेत नंबर आला त्या दिवशी जहाज तयार नसलं तर मागचं जहाज पुढे जातं, आणि मग पुन्हा केव्हा बोलावणं येईल ते पाऊस ठरवणार. जहाज भाड्याने घेतलेली भाडेकरू कंपनी तेवढ्या दिवसांचं भाडं कापणार, ते वेगळंच.

शनिवारची चर्चा

सुपरिटेंडंटचा पहिला आग्रह लाँचचा होता. कागद झाले की दोन्ही पेट्या लाँचवर घाला आणि अँकरेजवर पोचवा, खर्चाची चिंता करू नका. खर्चाचं कुणी मनात आणलंच नव्हतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाचा इशारा, होता. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यासाठी केव्हाच बंद झाल्या होत्या आणि मासेमारीच्या होड्या १ जूनपासूनच्या बंदीमुळे किनाऱ्याला ओढलेल्या.

भाऊच्या धक्क्यावरच्या ज्या लाँचमालकाकडून आम्ही काम करून घेतो, त्याच्या तांडेलाला, म्हणजे लाँच चालवणाऱ्याला, विचारलं. वयाने साठीच्या पुढचा, उरणकडचा कोळी माणूस.

“नाखवा, पेट्या दोन आहेत. एक दीडशे किलोच्या वर, दुसरी तिच्याहून मोठी. बाहेरच्या अँकरेजला न्यायच्या.”

“लाँच जाईल. पेटी वर कशी चढवणार ते त्यांना विचारा. माझ्या डोक्यावर दीडशे किलो झोकांडे खात असताना मी खलाश्याला डेकवर उभा करणार नाही.”

तेच आम्ही जहाजाच्या चीफ इंजिनिअरना व्हॉट्सॲपवर विचारलं. ते मराठी होते, त्यामुळे बोलणं मोकळं झालं. रसद क्रेनने पेटी उचलता येईल का, या प्रश्नावर ते आधी हसले. “अहो, त्या क्रेनची वायर खराब झाली म्हणून तर नवी मागवलीय. ती नवी वायर त्याच पेटीत आहे.” माल उतरवायच्या मोठ्या क्रेन होत्या, पण त्या चालू करायला लागणारी वीज तीन नंबरच्या जनित्राच्या भरवशावर घ्यायची, जहाज डुलत असताना बूम बाहेर काढायची आणि खाली लाँच वर-खाली होतेय, याला कॅप्टनने सरळ नकार दिला.

यानंतर चीफसाहेबांनी जो प्रश्न विचारला, त्यावर पुढचं सगळं फिरलं. “तुम्ही सगळे कार्ट्रिज-कार्ट्रिज का करताय? मला आत जायला दोन जनित्रं हवीत. एक नंबर ठीक आहे. तीन नंबरचे पंप बदलले की दोन झाली. पंपाचे भाग हातात मावतात. कार्ट्रिज धक्क्यावर द्या ना निवांत.”

सिंगापूरच्या प्रत्येक ई-मेलच्या विषयात टर्बोचार्जर होता, कारण बंद पडलेली वस्तू तीच होती. तीन नंबरचं जनित्र चालू होतं, म्हणून त्याच्या पंपांची मागणी ‘नेहमीची’ या वर्गात पडून होती. कोणतं यंत्र जास्त बिघडलंय आणि कोणता भाग जहाजाला आधी आत नेईल, हे दोन वेगळे प्रश्न होते. आठवडाभर फक्त पहिल्याचं उत्तर शोधणं चाललं होतं.

समोरचे पर्याय

शनिवारी संध्याकाळी फोनवर जे पर्याय मांडले गेले, त्यातला सर्वात सोपा म्हणजे काहीच न करणं. कागद दुरुस्त होऊ द्यायचे, धक्क्याची वाट पाहायची आणि बंदराला सांगून जादा टगच्या मदतीने एका जनित्रावर आत यायची परवानगी मागायची. अशी परवानगी मिळूच शकत नाही असं नाही, पण ती बंदराच्या हाती. जहाजाची तांत्रिक स्थिती प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्थेला कळवावं लागणार, आणि धक्क्यावर पोर्ट स्टेट कंट्रोलची, म्हणजे परदेशी जहाजांची सरकारी, तपासणी आली तर पहिला प्रश्न जनित्रांचाच. सुपरिटेंडंटला हा पर्याय नको होता, आम्हालाही.

जहाज आतल्या अँकरेजवर आणावं, तिथे पाणी शांत असतं, ही सूचना लाँचमालकाने केली. चांगली होती, पण आतल्या अँकरेजवर यायलाही पायलट आणि तीच दोन जनित्रं लागतात.

सगळे भाग पुढच्या बंदरावर पाठवायचे, हा खरेदी विभागाचा पर्याय. मुंबईनंतर जहाज कुठे जाणार हेच भाडेकरूने अजून सांगितलं नव्हतं.

मग उरला चीफसाहेबांचा रस्ता: पंपांचे भाग वेगळे काढून आधी पाठवायचे. पण ते भाग सहारला कस्टम्सच्या ताब्यातल्या बंद पेटीत होते, आणि त्या पेटीचा कागदच चुकीचा होता. कागद दुरुस्त झाल्याशिवाय पेटी उघडून अर्धा माल काढायची परवानगी मागण्यात अर्थ नव्हता. आमच्या सीएचएचं मत असं पडलं की सोमवारी अर्ज दिला तरी निर्णयाची वेळ कुणी सांगू शकणार नाही.

यावर सिंगापूरहूनच एक वाट निघाली. त्या बनावटीच्या इंजिनांचे पंप तिथल्या एका विक्रेत्याकडे तयार असतात. तेच भाग दुसऱ्यांदा विकत घ्यायचे, या वेळी नीट कागदावर, आणि सिंगापूर-मुंबई थेट विमानाने पाठवायचे. उड्डाण साडेपाच तासांचं.

खरेदी विभागाला हे पटेना. एकच वस्तू दोनदा विकत घ्यायची, तीही पहिली मुंबईत येऊन पडलेली असताना? त्यांच्या जागी बसून पाहिलं तर प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं एवढंच होतं की पंपाचे प्लंजर आणि बॅरल झिजणारेच भाग आहेत. पेटीतला संच नंतर जहाजावर राखीव राहील आणि एक दिवस लागेलच, म्हणजे पैसे लवकर खर्च होतायत, वाया जात नाहीत. सुपरिटेंडंटने रविवारी सकाळी होकार दिला. या प्रकरणातला सर्वात मोलाचा निर्णय मला हा वाटतो, आणि कागदावर तो सर्वात उधळा दिसतो.

अंमलबजावणी

सोमवारी विक्रेत्याचं दुकान उघडलं. आम्ही एअरवे बिलाचा मसुदा आधीच तयार करून पाठवला होता: कॅप्टन, जहाजाचं नाव, ‘शिप स्पेअर्स इन ट्रान्झिट’, मार्फत एजंट, मुंबई. विक्रेत्याला आणखी एक विनंती केली की सगळं एका खोक्यात भरू नका. चार लहान पॅकेट करा, प्रत्येक एका हाताने उचलता येईल असं, आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, आणि लाकूड अजिबात नको. लाकडी पेटी म्हटलं की किडीविरुद्धच्या प्रक्रियेचा शिक्का तपासला जातो. तेवढा एक प्रश्न कमी.

पॅकेट मंगळवारी पहाटे उतरली. सीएचएने सकाळीच कागद लावले. जहाज परदेशगामी आहे, बंदरात आलेलं आहे, रांगेत आहे, याचे पुरावे एजंटाकडून जोडले. संध्याकाळपर्यंत माल कस्टम्सच्या देखरेखीत गोदीकडे निघाला. लाँचवरून जहाजावर माल न्यायचा तर बोट नोट, म्हणजे मालासोबतचा कस्टम्सचा कागद, लागते. कायद्यातलं कलम ३५ त्याचंच. ती बुधवारच्या तारखेची मिळाली.

बुधवारचा प्रयत्न फसला, आणि का फसला हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

सिंगापूरच्या कार्यालयाचं म्हणणं होतं की लाँच पहाटे सहाला निघावी. म्हणजे आठपर्यंत भाग जहाजावर, दिवसभर काम, संध्याकाळी चाचणी. कार्यालयातून पाहिलं तर हिशोब बरोबर. तांडेल म्हणाला, “पहाटे ओहोटी आहे. नंतर पाणी चढायला लागलं की जाऊ.” त्याचं बोलणं त्या वेळी सावधपणाचं वाटलं. प्रत्यक्षात ते भूगोलाचं होतं. पावसाळ्यात मुंबईबाहेर वारा आणि लाटा नैऋत्येकडून येतात. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर, म्हणजे नैऋत्येकडेच धावतं. वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्यावर लहान लाँच आपटते. शिवाय नांगरलेलं जहाज साधारणपणे प्रवाहाकडे तोंड करून उभं राहतं. ओहोटीला त्याचं तोंड मुंबईकडे आणि पाठ लाटांकडे होते, त्यामुळे ते आडवंतिडवं डुलतं आणि लाँचला टेकायला शांत बाजूच मिळत नाही. भरतीला उलट होतं. पाणी आत येताना जहाज नैऋत्येकडे तोंड करतं. वारा, लाट, प्रवाह तिन्ही समोरून. जहाज पुढे-मागे खालीवर होतं, पण कडेला कमी डुलतं. वारा आणि पाणी एकाच दिशेने असल्याने लाटाही लांबट पडतात.

लाँच सहाला निघाली. प्रोंग्सच्या पुढे गेल्यावर तांडेलाने दहा-पंधरा मिनिटं पाहिलं आणि वळवली. त्याला कुणी दोष दिला नाही. फेरी रिकामी परतली तरी तिचे पैसे द्यावे लागतात, ते दिले. तारीख संपल्याने बोट नोट पुन्हा काढायची होती.

गुरुवारी सकाळी बंदराच्या धक्का-वाटपाच्या बैठकीतून बातमी आली. पुढच्या जहाजाचा माल उतरून संपत आला होता आणि आमच्या जहाजाला शनिवारच्या भरतीवर आत घेण्याची शक्यता होती. जहाज तयार असल्याचं शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं. इतके दिवस तारीख पुढे-पुढे जात होती आणि आता एकदम अंगावर आली. कोंडीत हे नेहमी होतं. रांग हलत नाही तोवर कुणालाच घाई नसते, आणि हलली की एका दिवसात सगळं हवं असतं.

या खेपेला वेळ ठरवायचं काम तांडेलावर सोडलं. पौर्णिमेचं उधाण ओसरून भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस जवळ आले होते, त्यामुळे पाण्याची ओढही कमी झाली होती. सकाळी साडेदहानंतर पाणी चढू लागलं तशी लाँच निघाली. प्रवाह समोरून असल्याने वेळ जास्त लागला. चीफसाहेब आणि बोसन (डेकवरच्या खलाश्यांचा मुकादम) जहाजाच्या डाव्या बाजूला, मुख्य डेकवर थांबले होते. वरून हीव्हिंग लाइन, म्हणजे फेकायची दोरी, टाकली. खलाश्याने एकेक पॅकेट कॅनव्हासच्या पिशवीत घालून दोरीला बांधलं आणि वर ओढलं गेलं. लाँच जहाजाला बांधली नाही, इंजिन चालू ठेवून तांडेल ती बाजूला धरून होता. शिडीवर कुणी चढलं नाही, क्रेन हलली नाही. बोट नोटवरच्या सहीचा कागदही त्याच पिशवीतून वर गेला आणि खाली आला. पंधरा मिनिटांच्या आत लाँच मोकळी झाली.

संध्याकाळी चीफसाहेबांचा संदेश: पंप आले, पण एका पंपाचे तांब्याचे वॉशर नाहीत. विक्रेत्याकडून राहिले होते. त्यांनी जुनेच वॉशर तापवून, लाल करून, पाण्यात बुडवून मऊ केले आणि बसवले. इंजिनरूममध्ये ही जुनी सवय आहे, म्हणून आम्हाला दुसरी लाँच काढावी लागली नाही. रात्रभर काम चाललं. शुक्रवारी सकाळी एक आणि तीन नंबर समांतर चालवून भाराची चाचणी झाली. अकराच्या सुमारास कॅप्टनने तयारी कळवली.

परिणाम

शनिवारी जहाज आत आलं. दोन नंबरचं जनित्र बंद असल्याचं कॅप्टनने पायलटला आणि बंदराला लेखी कळवलं होतं.

मोठ्या पेट्यांचा कागद त्या आठवड्यात दुरुस्त झाला आणि त्या सोमवारी ट्रकने धक्क्यावर पोचल्या. तिथे वेगळा प्रश्न उभा राहिला: ट्रकचा गोदीप्रवेशाचा परवाना आणि मालाचे कागद यांवर जहाजाचं नाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेलं. फाटकावर दोन-अडीच तास गेले. धक्क्यावर जहाज स्थिर असल्याने पेट्या वर घ्यायला अडचण आली नाही. स्वतःचीच मोठी क्रेन पाऊस थांबलेला असताना मध्येच पाच मिनिटं वापरली.

टर्बोचार्जरचं काम पावसाने सोपं केलं, हा भाग मला आवडतो. सर आली की माल उतरवणं बंद, क्रेन बंद, विजेचा भार एकदम खाली. त्या वेळात एकच जनित्र पुरायचं आणि इंजिनरूमची माणसं मोकळी व्हायची. चीफसाहेबांनी कार्ट्रिज बदलायचं काम या खंडांमध्ये वाटून घेतलं. जहाज धक्का सोडायच्या आधी तिन्ही जनित्रं चालू होती. रसद क्रेनची वायरही बदलून झाली.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात आधी, मागणीच्या कागदावर ‘तातडीचं’ आणि ‘नेहमीचं’ हे दोनच रकाने पुरत नाहीत. या प्रकरणात तिसरा रकाना हवा होता: ‘धक्क्याला लागण्याआधी हवं’. बंदर रिकामं असेल तर या रकान्याची गरज नसते, कारण धक्का आणि अँकरेज यांत काही तासांचंच अंतर असतं. रांग लागली की ते अंतर आठवड्याचं होतं, आणि कोणता भाग रांगेच्या अलीकडे लागेल आणि कोणता पलीकडे, ही वाटणी माल पाठवायच्या आधी करावी लागते. ती वाटणी फक्त जहाजावरचा माणूस करू शकतो. चीफसाहेबांना श्रीलंकेजवळ असतानाच कुणी विचारलं असतं तर पंपांचे भाग पहिल्या दिवशीच वेगळ्या पॅकेटमधून निघाले असते आणि दुसऱ्यांदा खरेदीचा वाद झालाच नसता.

एकत्र खेप करूच नये असं मी म्हणणार नाही. भाड्यातला फरक खरा असतो. पण ज्या बंदरात रांग असल्याचं माहीत आहे तिथे पेटी भरतानाच एक पाहावं: ही पेटी अँकरेजवर द्यायची वेळ आली तर हाताने वर जाईल का? जात नसेल तर तिच्यात फक्त धक्क्यावर चालणाऱ्याच वस्तू असाव्यात.

एअरवे बिलाचा मसुदा एजंटाने आधी पाहावा, ही मागणी नवी नाही आणि दर वर्षी नव्याने करावी लागते. पाठवणारा विक्रेता जपानमध्ये, सूचना देणारा खरेदी अधिकारी सिंगापूरमध्ये, भोगणारा सीएचए मुंबईत. एका ई-मेलचं काम आहे.

पहाटे सहाच्या फेरीबद्दल आमच्यातही मतभेद आहेत. काहींच्या मते प्रयत्न करणं योग्यच होतं, जमलं असतं तर एक दिवस वाचला असता. मला वाटतं, तांडेलाने भरतीची वेळ स्पष्ट सांगितल्यावर कार्यालयाच्या वेळापत्रकाला वजन द्यायला नको होतं. सिंगापूरच्या अँकरेजवर वर्षभर पाणी बऱ्यापैकी शांत असतं आणि लाँच कोणत्याही वेळी जाते. तिथल्या सवयीने मुंबईतल्या जूनचं नियोजन होत नाही. आता आम्ही पावसाळ्यात लाँचच्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि तांडेलाने सांगितलेली वेळ, दोन्ही लिहून पाठवतो.

एक मुद्दा मात्र मोकळाच राहिला. दोन जनित्रं कमजोर असल्याचं जहाज नांगरावर आलं त्याच दिवशी बंदराला कळवायला हवं होतं का? कॅप्टनचं म्हणणं, दुरुस्ती होणार हे माहीत असताना आधीच कळवलं असतं तर जहाज रांगेतून बाजूला काढलं गेलं असतं. उलट बाजूने असंही म्हणता येतं की धक्का-वाटपाचं नियोजन करणाऱ्यांना खरी स्थिती माहीत असती तर त्यांनी दोन दिवस मागेपुढे करून सोय केली असती, आणि गुरुवारची ती धावपळ टळली असती. जहाजाचं तयारीचं पत्र त्या दिवसांत कितपत ग्राह्य धरायचं, यावर मालक आणि भाडेकरू यांच्यात पुढे पत्रव्यवहार झाला. वॉशर विसरलेल्या विक्रेत्याने ते पुढच्या खेपेत फुकट पाठवले. रिकाम्या लाँचफेरीचं बिल मालकाने भरलं.